फोन करणं आणि फोन येणं

आईबाबांची लग्नपत्रिका आमच्या घरी अजून जपून ठेवलेली आहे. साल १९७८, पत्ता घाटकोपरच्या एका चाळीचा. पत्त्याखाली बारीक अक्षरांत फोन नंबर, आणि त्याच्यापुढे कंसात दोनच अक्षरं: पी. पी. फोन आमचा नव्हता, तळमजल्यावरच्या वाण्याचा होता. आमच्यासाठी कुणाचा फोन आला की दुकानातला पोऱ्या चौकात येऊन दुसऱ्या मजल्याकडे तोंड करून हाक मारायचा, आणि आजी हात पुसत जिना उतरायची.

ज्यांनी हे दिवस पाहिले नाहीत त्यांना त्या दोन अक्षरांचं मोल कळणार नाही. टेलिफोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. मुंबई आणि दिल्लीच्या फोनसाठी १ एप्रिल १९८६ला एमटीएनएल ही कंपनी आली, पण हवा तेव्हा फोन मिळायला आणखी बरीच वर्षं गेली. मधल्या काळात पिवळ्या पाट्यांचे पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन करायचे बूथ, गल्लोगल्ली उभे राहिले. रात्री अकरानंतर एसटीडीचे, म्हणजे परगावच्या फोनचे दर उतरत, म्हणून त्या सुमाराला बूथबाहेर रांग लागायची. कोकणातल्या, घाटावरच्या माणसांशी तिथून बोलता यायचं.

पीसीओ आला तेव्हा वाटलं, आता पी. पी. नंबराची गरज संपली. ती संपली नाही. पीसीओवरून जगात कुणालाही फोन करता येई, पण तुम्हाला कुणी फोन करायचा तर तो कुठे करणार? बूथचा नंबर होता, पण बूथवाल्याकडे दिवसाला शेकडो माणसं येत. फोन वाजला आणि कुणी तुमचं नाव घेतलं, तर तो माणूस कोण, कुठे राहतो, हे त्या बिचाऱ्याला कसं ठाऊक असणार? फोन करणं ही एक सोय आहे आणि फोन येणं ही दुसरी. पीसीओ फक्त पहिली देत होता. दुसरी ज्याच्याकडे होती, त्याच्याकडे पत्ता होता.

आजच्या इंटरनेटचं एक मोठं कोडं या एका फरकाने सुटतं, आणि मला ते भाच्याच्या खेळामुळे नव्याने उमगलं. म्हणून ते सावकाश उलगडून सांगते.

भाचा बोरिवलीला राहतो. त्याचा शाळेतला जिवाभावाचा मित्र दोन वर्षांपूर्वी मुलुंडला राहायला गेला. नकाशात पाहिलं तर दोघांच्या मध्ये फक्त नॅशनल पार्कचं जंगल आहे, पण लोकलने जायचं तर आधी दादरला उतरायचं, गाडी बदलायची आणि परत तेवढंच वर चढायचं. एक मित्र अंधेरीला, एक घाटकोपरला. चौघेही रेल्वेचे वेडे. ‘ओपन रेल्स’ नावाचा एक फुकट मिळणारा ट्रेन सिम्युलेटर आहे. २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी बनवलेले मार्ग आणि गाड्या त्यात चालतात. अनेकांनी मिळून तो खेळायचा तर एकाचा कॉम्प्युटर सर्व्हर होतो आणि बाकीचे त्याला जोडले जातात, मग एकाच मार्गावर चौघांच्या चार गाड्या धावतात. मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याला सर्व्हर व्हायचं होतं. तीन संध्याकाळी तो राउटरशी झगडला आणि चौथ्या दिवशी त्याचा मला फोन आला, “आत्या, पोर्ट फॉरवर्डिंग सगळं बरोबर केलंय, तरी कुणालाच जॉइन होता येत नाहीये. तू येशील का?”

मी नेटवर्कच्याच कामात आहे, तेव्हा गेले. जाताना मनाशी ठरवलं की सेटिंग शोधत बसायचं नाही. वाजणाऱ्या फोनमागे चालत जायचं, आतून बाहेर.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे शब्दशः पी. पी. नंबर. घरातल्या राउटरला बाहेरचा एक पत्ता असतो, वाण्याच्या फोनसारखा. घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप यांना राउटर आतले पत्ते वाटतो. ते बहुधा १९२.१६८ने सुरू होतात आणि घराबाहेर त्यांना काही अर्थ नसतो, जसा चाळीबाहेर ‘खोली नंबर २३’ला नसतो. घरातून कुणी बाहेर बोललं की राउटर वहीत टिपून ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. बाहेरून मात्र कुणी आपणहून हाक मारली, तर वहीत त्याची नोंद नसते. राउटर ती हाक सोडून देतो, आणि ते योग्यच आहे. अशा हाकेसाठी वाण्याला आधी चिठ्ठी देऊन ठेवावी लागते: ‘कुणी ३०००० मागितलं तर खोली १०५ला बोलवा.’ ३०००० हा ओपन रेल्सचा ठरलेला पोर्ट आणि १०५ म्हणजे चिठ्ठी लिहिताना भाच्याच्या कॉम्प्युटरचा असलेला आतला पत्ता, १९२.१६८.०.१०५. राउटरच्या पानावर या चिठ्ठीला कुठे ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात, कुठे ‘व्हर्च्युअल सर्व्हर’.

चिठ्ठी देऊनही फोन पोचत नाही, तेव्हा पहिला प्रश्न सगळ्यात आतला असतो: खोलीत कुणी आहे का? भाच्याने खेळ सर्व्हर म्हणून सुरू केला. मी त्याच घरातल्या, त्याच वायफायवरच्या दुसऱ्या लॅपटॉपवरून त्याच्या कॉम्प्युटरच्या त्या वेळच्या आतल्या पत्त्याला जोडायचा प्रयत्न केला. लागलं नाही. म्हणजे वाण्यापर्यंत जायची गरजच नव्हती, हाक खोलीच्या दारावरच अडत होती. ते दार म्हणजे विंडोजची फायरवॉल. घरचं वायफाय पहिल्यांदा जोडताना कुणीतरी ‘पब्लिक’ निवडलं होतं, आणि खेळाला परवानगी दिली होती फक्त ‘प्रायव्हेट’ नेटवर्कवर. घराला घर म्हणून नोंदवलं आणि लगेच जोडणी लागली. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि बहुतेक लोक ती करतच नाहीत. बाहेरून येता येत नाही म्हटल्यावर सगळं लक्ष बाहेरच जातं.

दुसरा प्रश्न: चिठ्ठीवरचा खोली नंबर अजून तोच आहे का? राउटर आतले पत्ते तात्पुरते वाटतो. आदल्या रात्री लाइट गेली होती, राउटर पुन्हा सुरू झाला आणि १०५ नंबर आईच्या मोबाइलला गेला. वाणी इमानाने हाक मारत होता, पण त्या खोलीत आता दुसरंच बिऱ्हाड होतं. उपाय सोपा आहे. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक मॅक पत्ता मिळालेला असतो. राउटरला सांगायचं की या मॅक पत्त्याला कायम १०५च द्यायचा. याला अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. पावसाळ्यात लाइट जाते तिथे तर याला पर्याय नाही.

तिसरा प्रश्न बोलीचा. इंटरनेटवर संदेश मुख्यतः दोन रितींनी जातात. टीसीपीत प्रत्येक तुकड्याची पोच घेतली जाते, यूडीपीत पोचेची वाट न बघता भराभर पाठवत जातात. चिठ्ठीत यातली नेमकी रीत लिहावी लागते. ओपन रेल्सला टीसीपी लागतं. फॅक्टोरिओ या खेळाचा पोर्ट ३४१९७, आणि तो यूडीपी. असेटो कोर्सा या रेसिंग सिम्युलेटरचा सर्व्हर ९६०० दोन्ही रितींनी मागतो आणि वर ८०८१ही लागतो. एका खेळाची चिठ्ठी दुसऱ्याला चालत नाही. भाच्याने हे बरोबर लिहिलं होतं. त्याची चिठ्ठी पहिल्या दिवसापासून निर्दोष होती, हे मी त्याला मुद्दाम सांगितलं. तीन दिवस तो तीच चिठ्ठी खोडून पुन्हा पुन्हा लिहीत होता.

आता चिठ्ठी बरोबर, खोली बरोबर, दार उघडं. तरी मुलुंडहून जोडणी लागेना. इथे मी त्याला एक प्रश्न विचारला. पोर्ट फॉरवर्डिंगच्या सूचनांमध्ये तो शेवटी येतो, पण विचारायचा असतो सगळ्यात आधी: वाण्याकडे स्वतःचा फोन आहे ना?

राउटरच्या पहिल्या पानावर ‘वॅन आयपी’ किंवा ‘इंटरनेट आयपी’ अशी एक ओळ असते. तो राउटरचा बाहेरचा पत्ता. भाच्याच्या राउटरवर तिथे १९२.१६८.१.३ होतं. तो क्षणभर त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “आत्या, हा तर आतलाच पत्ता आहे.” एवढं ओळखलं की अर्धी लढाई जिंकली. १९२.१६८ने, १०ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, फेब्रुवारी १९९६च्या एका कागदाने. जगातल्या कोट्यवधी घरांत तेच पत्ते आहेत, त्यामुळे त्यांवर बाहेरून कुणी येऊ शकत नाही. वाण्याला स्वतःचा फोन नव्हता, त्यानेही शेजारच्या दुकानाचा पी. पी. नंबर दिला होता.

ते शेजारचं दुकान दिवाणखान्यातच भिंतीवर टांगलेलं होतं. फायबर जिथे घरात शिरते तिथे नेटवाला एक डबा लावून जातो, त्याला ओएनटी म्हणतात. हल्ली तो डबा स्वतःच राउटर असतो. वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून लोक त्याला आपला दुसरा राउटर जोडतात. घरात दोन वाणी होतात आणि चिठ्ठी मिळते एकालाच. यातून तीन वाटा आहेत: दोघांना चिठ्ठ्या द्यायच्या, किंवा आपल्या राउटरला नुसतं वायफाय पसरवायच्या कामाला लावायचं, किंवा ओएनटीला ‘ब्रिज मोड’वर टाकून सगळा कारभार आपल्या राउटरकडे घ्यायचा. तिसऱ्या वाटेला लॉगिनचं नाव आणि पासवर्ड नेटवाल्याकडून घ्यावा लागतो. संध्याकाळी इमारतीचा नेटवाला आला, दहा मिनिटांत ब्रिज करून गेला.

राउटर पुन्हा सुरू झाला. वॅन आयपीच्या ओळीत आता १००.७२ने सुरू होणारा पत्ता होता. तो आतला दिसत नाही म्हणून भाचा आनंदला. मी त्याला थांबवलं आणि आपला पत्ता दाखवणारी एक वेबसाइट उघडायला लावली. तिथे वेगळाच पत्ता दिसला. दोन्ही पत्ते जुळले नाहीत, म्हणजे दोघांच्या मध्ये अजून कुणीतरी बसलेलं होतं.

ते कोण, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. आज बहुतेक ठिकाणी चालतात ते चौथ्या आवृत्तीचे पत्ते १९८१मध्ये ठरले. ते बत्तीस बिटांचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. तेव्हा हा आकडा न संपणारा वाटला आणि वाटपही तसंच सढळ हाताने झालं. एमआयटी या एका अमेरिकन विद्यापीठाकडे १ कोटी ६७ लाख पत्ते होते. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, व्हीएसएनएलमार्फत. पंगत अर्धी उठल्यावर आपण पानावर बसलो. मे १९९४मध्येच टंचाईवरची युक्ती कागदावर आली होती: आतले अनेक पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवायचे. तीच नॅट, आपल्या राउटरची वही. तेवढ्याने भागलं नाही. ३ फेब्रुवारी २०११ला जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वसाधारण साठाही संपला.

मग नेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी तीच युक्ती आणखी एक मजला वर नेली. अनेक घरं मिळून बाहेरचा एकच पत्ता, आणि घराघराच्या नोंदींची वही कंपनीकडे. याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात. कंपनी आणि घर यांच्यामधल्या या टप्प्यासाठी एप्रिल २०१२मध्ये पत्त्यांचा एक खास पट्टा राखून ठेवला गेला, १००.६४ ते १००.१२७. भाच्याचा १००.७२ बरोबर त्या पट्ट्यात बसत होता.

म्हणजे त्याच्या घराला फोनच नव्हता. पीसीओ होता. सिनेमे, शाळेचे वर्ग, पैसे पाठवणं, सगळं चालत होतं, कारण त्या सगळ्यात फोन आपण करतो. उलटा फोन कंपनीच्या दारापर्यंत येत होता. एकाच पत्त्यामागे कितीतरी घरं, आणि ३०००० मागणारी हाक त्यातल्या कुणाची, याची चिठ्ठी त्या दारावर नाही. ती चिठ्ठी देण्याचा हक्क भाच्याला नाही, आणि त्याच्या राउटरवरचं कुठलंही बटण तिथपर्यंत पोचत नाही. यूपीएनपी नावाची एक सोय असते, तिच्यामार्फत खेळ स्वतःच राउटरला चिठ्ठी देतो. ती इथे उलट फसवते. घरचा राउटर चिठ्ठी घेतो, ‘झालं’ म्हणतो आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे.

म्हणून माझं एवढंच आग्रहाचं सांगणं आहे: पोर्ट उघडायच्या आधी पत्ता बघा. राउटरवरचा वॅन आयपी आणि बाहेर दिसणारा आयपी, दोन्ही कागदावर लिहा. जुळले, तर तुमच्याकडे फोन आहे आणि चूक चिठ्ठीत, खोलीत किंवा दारात सापडेल. जुळले नाहीत, तर राउटरवर संध्याकाळी घालवू नका. दोन मिनिटांची ही तुलना त्या मुलाचे तीन दिवस वाचवू शकली असती. एक सावधगिरी मात्र ठेवा. तपासणी खरोखर बाहेरूनच करा, मित्राकडून किंवा मोबाइल डेटावरून, कारण घरातल्या वायफायवरून घराचाच बाहेरचा पत्ता मागितला तर कित्येक राउटर गोंधळतात. आणि तपासताना खेळ चालू ठेवा. खोलीत कुणी नसेल तर हाक फुकटच जाते.

पत्ता नाही म्हटल्यावर करायचं काय? पहिली वाट, कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा बाहेरचा पत्ता घेणं. बऱ्याच ठिकाणी तो वेगळे पैसे भरून मिळतो. दुसरी वाट सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांची. ते १२८ बिटांचे असल्यामुळे प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पत्ता मिळू शकतो, आणि भारतात ते आता मोठ्या प्रमाणावर चालतात. पण दोन्ही टोकांना ती आवृत्ती हवी, खेळालाही ती समजायला हवी, आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढ्यापुरती वाट करून द्यावी लागते. तिसरी वाट मध्यस्थाची. टेलस्केल, झीरोटियर यांसारख्या सोयींमध्ये दोन्ही मित्र आपापल्या पीसीओवरून एका तिसऱ्याला फोन करतात आणि तो दोघांची गाठ घालून देतो. फोन दोघांनीही बाहेर केलेला असल्यामुळे दोन्हीकडच्या वह्यांत नोंद असते. ओपनटीटीडी या वाहतुकीच्या खेळाने २०२१मध्ये बाराव्या आवृत्तीत हीच व्यवस्था खेळाच्या पोटातच घातली. आता तिथे मित्राला एक आमंत्रणाचा कोड दिला की पुरतं, पोर्टचं नावही काढावं लागत नाही.

दार उघडं ठेवायचं तर जबाबदारीही घ्यावी लागते. खेळ संपला की चिठ्ठी परत घ्यावी. वैतागून राउटरमधलं ‘डीएमझेड’ चालू करू नये. त्याने एका हाकेपुरतं दार उघडण्याऐवजी त्या खोलीचं दारच बिजागरांसकट निघतं. २०१६ साली मिराई नावाच्या किड्याने उघड्यावर असलेले हजारो कॅमेरे आणि राउटर कारखान्यातल्या मूळ पासवर्डांनी काबीज केले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या साइट बंद पाडल्या. पत्ता असणं म्हणजे चांगल्या-वाईट दोघांनाही दिसणं.

मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो, याचं कारण खेळापलीकडचं आहे. ज्याच्या घरी बाहेरून येता येतं, तो यजमान होऊ शकतो. नाही तर माणूस कायम पाहुणाच राहतो, दुसऱ्यांच्या मोठ्या घरांत त्यांच्या वेळा आणि त्यांचे नियम पाळत फिरणारा. सोळा वर्षांच्या मुलाला तीन मित्रांसाठी आपल्या टेबलावरून एक रेल्वे चालवावीशी वाटते. त्याला पाहुण्यांचं आगतस्वागत आपल्या घरी करायचं आहे. ब्रॉडबँड घेताना आपण वेग विचारतो, राउटर फुकट आहे का विचारतो. ‘मला पब्लिक आयपी मिळेल का, आणि तो बदलत राहील का’ हेही विचारायला हवं. बदलता असला तरी चालतो, डायनॅमिक डीएनएस लावून त्याला कायमचं नाव देता येतं. पण आपण फोन घेतोय की पीसीओ, हे पैसे भरण्याआधी माहीत असावं.

स्टॅटिक आयपीचे पैसे वडिलांकडे मागायला भाचा तयार नव्हता. मग मी चौघांनाही तीच तुलना करायला लावली. व्हिडिओ कॉलवर एकेकाने आपापल्या राउटरचं पान उघडलं. अंधेरीचा पत्ता १०ने सुरू होत होता. मुलुंडचा १००.९१ने. घाटकोपरच्या मुलाने दोन आकडे वाचून दाखवले आणि दोन्ही सारखे निघाले. त्याने चिठ्ठी लिहिली, फायरवॉलची परवानगी तपासली, खेळ सुरू केला. अर्ध्या मिनिटात मुलुंडची गाडी स्टेशनात दिसली, मग अंधेरीची. यजमान व्हायचं होतं भाच्याला, पण तो काही न बोलता आपली गाडी घेऊन निघाला आणि पहिल्या सिग्नलला भोंगा वाजवला. चौघांपैकी एकाकडे फोन होता, आणि तो सगळ्यांना पुरला. घाटकोपरच्या त्या चाळीत हेच तर होत होतं.